अंगणांतलें गाणें : आमिश, बेने इस्रायल आणि आपण

एखाद्या मंदिराचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे कोनशिला, घंटा, वेदी आणि क्रमाक्रमानें आलेले धर्मगुरू यांचा उल्लेख आधीं होतो. गायकवृंदाचा उल्लेख झालाच तर शेवटच्या ओळींत होतो. यांत कोणाचा दोष नाहीं. दगडावर लेख कोरतां येतो, पण गाणें ज्या क्षणीं गाइलें जातें त्याच क्षणीं वाऱ्यांत विरून जातें, आणि इतिहासकाराच्या हातीं कांहींच लागत नाहीं. तथापि ज्यांनीं आयुष्यभर मंदिरांत उपासना केली आहे त्यांस विचारा. प्रवचन कोणतें झालें तें त्यांस आठवणार नाहीं, परंतु आईनें म्हटलेलें गीत शब्दशः आठवेल. म्हणून या जुबिली स्मरणिकेंत इमारतीचा इतिहास दुसऱ्या लेखकांकडे सोपवून मीं गाण्याचा, आणि त्यांतल्या त्यांत एका घरचें गाणें दुसऱ्या घरीं कसें जातें याचा, इतिहास वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. कात्रपसारख्या वस्तींत, जेथें एका भिंतीपलीकडे भजन, दुसऱ्या भिंतीपलीकडे नमाज आणि तिसऱ्या भिंतीपलीकडे जपमाळ चालते, तेथें हा प्रश्न केवळ विद्वानांच्या जिज्ञासेचा नाहीं.

या प्रश्नाचें सर्वांत कठीण रूप पाहावयाचें असेल तर प्रथम दूर अमेरिकेंत जावें लागेल. तेथें आमिश या नांवानें ओळखला जाणारा एक ख्रिस्ती समाज आहे. त्याची आजची लोकसंख्या सुमारें ४ लाख आहे. घोड्याची गाडी, साधा एकरंगी पोशाख, शेती व सुतारकाम, आणि जगाच्या झगमगाटापासून दूर राहण्याचें व्रत, अशी त्यांची राहणी आहे. त्यांचें मूळ युरोपांतील. १५२५ च्या जानेवारींत झूरिक शहरीं कांहीं लोकांनीं प्रौढपणीं पुन्हां बाप्तिस्मा घेतला. त्यांस लोक पुनर्बाप्तिस्मावादी म्हणूं लागले. पुढें १६९३ मध्यें याकोब अम्मान नांवाच्या पुढाऱ्याच्या अनुयायांनीं शिस्तीच्या प्रश्नावर वेगळी चूल मांडली, तेच आमिश. अठराव्या शतकांत ते पेनसिल्व्हेनियांत जाऊन वसले, आणि युरोपांतील त्यांची शेवटची मंडळी १९३७ मध्यें मेनोनाइट मंडळींत विलीन झाली.

या समाजाच्या हातीं जें गीतपुस्तक आहे त्याचें नांव ‘ऑसबुंड’. त्याच्या जन्माची कथा आपण कॅथॉलिकांनीं मान खालीं घालून वाचावी अशी आहे. १५३५ मध्यें बव्हेरियाच्या सीमेवरील पासाऊ येथें पुनर्बाप्तिस्मावादी प्रवाशांची एक टोळी पकडली गेली आणि तेथील किल्ल्याच्या तळघरांत कोंडली गेली. हा किल्ला पासाऊच्या राजमहागुरूंचा, म्हणजे आपल्याच धर्मसभेच्या एका अधिकाऱ्याचा होता. त्या अंधारांत बंदिवानांनीं गीतें रचिलीं. कित्येक वर्षें तुरुंगवास चालला. कांहीं तेथेंच मरण पावले. १५६४ मध्यें त्यांचीं गीतें छापून निघालीं, आणि त्यांच्याच भोंवतीं पुढें ‘ऑसबुंड’ वाढलें. आज साडेचारशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी आमिश लोक रविवारीं तेंच पुस्तक उघडितात. जगांत अखंड वापरांत असलेल्या अतिप्राचीन प्रॉटेस्टंट गीतसंग्रहांत त्याची गणना होते.

त्यांच्या गाण्याची रीत विलक्षण आहे. पुस्तकांत केवळ शब्द आहेत, स्वरलेखन मुळींच नाहीं. चाल पित्याकडून पुत्राकडे केवळ कानांनीं जाते. वाद्य नाहीं. वेगवेगळ्या पट्ट्यांतील स्वरांची गुंफण नाहीं; सर्व स्त्रीपुरुष एकाच स्वरांत गातात. अग्रगायक पहिलें अक्षर एकटा उच्चारितो आणि मग सर्व मंडळी त्यांत सामील होते. प्रत्येक अक्षरावर स्वर इतका आंदोलित होतो आणि लय इतकी विलंबित असते कीं, प्रत्येक उपासनेंत दुसऱ्या क्रमांकानें म्हटलें जाणारें चार कडव्यांचें स्तुतिगीत पुरें व्हावयास पंधरा-वीस मिनिटें लागतात. आपल्या ख्यालगायनाची ज्यांस संवय आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. परंतु पाश्चात्य कानांस तें फारच अपरिचित वाटतें. अनेक स्वरांची गुंफण ते कां टाळतात याचेंहि कारण सांगण्यासारखें आहे. चार पट्ट्यांत गाणें आलें कीं, एखादा गोड आवाज पुढें येतो, त्याची वाहवा होते, आणि मनांत अभिमान शिरतो. आमिश लोकांस अभिमान हें सर्व पापांचें मूळ वाटतें.

अशा समाजाकडे बाहेरचा फिरता गायकवृंद गेला तर काय होईल? उपासनेंत त्यास जागा मिळणार नाहीं, हें उघड आहे. अशी भेट व्हावयाची तर ती उपासनेच्या बाहेर, घराच्या ओसरीवर, जेवण झाल्यावर, अथवा कोठाराच्या मोकळ्या जागेंतच होऊं शकते. त्यांचीं तरुण मुलें-मुली रविवारीं सायंकाळीं एकत्र जमून गातात. तेथें लय जलद असते आणि बाहेरचीं कित्येक गीतेंहि त्यांच्या तोंडीं असतात. म्हणजे अंगण आहे. गाभारा मात्र निराळा आहे.

परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ‘ऑसबुंड’ मधील गीतांच्या डोक्यावर ‘अमुक गाण्याच्या चालीवर’ असें लिहिलेलें असतें, आणि त्यांतील कित्येक चाली सोळाव्या शतकांतील जर्मन लोकगीतांच्या, बाजारांत व रस्त्यावर गाइल्या जाणाऱ्या गाण्यांच्या आहेत. अमेरिकन संशोधक जॉर्ज पुलन जॅक्सन यांनीं १९४५ मध्यें या चालींचा शोध घेऊन हें मूळ दाखविण्याचा यत्न केला. म्हणजे जगापासून सर्वांत दूर राहणाऱ्या समाजाचें सर्वांत पवित्र गाणेंहि एके काळीं रस्त्यावरूनच घरांत आलें. दार बंद होण्यापूर्वीं कधींतरी तें उघडें होतें.

‘चाल : अमुक’ हे शब्द मराठी वाचकास किती ओळखीचे आहेत! आपल्या पदसंग्रहांच्या पानोपानीं ते आढळतात. आणि त्यांच्याच मागोव्यानें आपण अमेरिकेंतून कोंकणांत येतों.

आमिश लोक आपल्या प्रांतांत नाहींत. त्यांचे दूरचे भाऊबंद जे मेनोनाइट, त्यांच्या अमेरिकन धर्मप्रचारकांनीं १८९९ मध्यें, दुष्काळाच्या काळांत, धमतरी येथें काम आरंभिलें. तें गांव तेव्हां नागपूर ही राजधानी असलेल्या मध्यप्रांतांत होतें. परंतु तेथील मंडळीची भाषा हिंदी. मराठी मुलुखांत आपल्या रीतीभातींनीं वेगळा राहिलेला, आपला दिवस, आपलें अन्न आणि आपली प्रार्थना जपणारा असा समाज शोधावयाचा तर तो बेने इस्रायलांचा होय.

अलिबाग, पेण, रोहें या बाजूच्या खेड्यांत हे यहुदी लोक किती शतकांपासून राहात आले हें निश्चित सांगतां येत नाहीं. तेल गाळण्याचा धंदा करावा आणि शनिवारीं घाणा बंद ठेवावा, म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर अशीं त्यांचीं आडनांवें गांवावरूनच पडलीं. हिब्रू भाषा व धर्मग्रंथ यांचा संबंध बव्हंशीं तुटला होता; तरी शब्बाथ, सुंता, निषिद्ध अन्नाचा त्याग आणि ‘हे इस्राएला, ऐक’ या अर्थाची मूळ हिब्रू प्रार्थना त्यांनीं सोडिली नाहीं. प्रेषित एलिया यांच्या नांवानें पोहे, नारळ व फळें यांचें ताट मांडून केला जाणारा मलिदा हा विधि त्यांच्या घरोघरीं आजहि होतो. १७९६ मध्यें मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान उभें राहिलें. आपल्या ठाणें शहरांतील सभास्थान १८७९ चें आहे.

एकोणिसाव्या शतकांत या समाजास आपल्या ग्रंथांची ओळख नव्यानें झाली. कोचीनच्या यहुदी शिक्षकांनीं विधि शिकविले. १८२९ मध्यें मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी डॉक्टर जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें हिब्रूचें व्याकरण मराठींत लिहिलें. त्यांचा हेतु धर्मांतराचा होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु बेने इस्रायलांनीं व्याकरण घेतलें आणि धर्म आपलाच ठेविला. १८४६ मध्यें वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा ग्रंथ मराठी भाषांतरासह मुंबईंत छापला गेला. १८७५ मध्यें हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या खटपटीनें इस्राएली मुलांची शाळा निघाली. ग्रंथ आले, शाळा आली; परंतु ज्या आजीस अक्षरओळख नव्हती आणि जो तेलाचा घाणा हांकणारा दिवसभर दमून घरीं येत असे, त्याच्यापर्यंत योसेफाची आणि मोशेची कथा कोणी न्यावी?

याचें उत्तर त्यांस शेजारच्या देवळांतून ऐकूं येत होतें. रात्रीं हरिदास उभा राहावा, मागें टाळ, झांज व मृदंग यांची साथ असावी, आधीं नमन व्हावें, पूर्वरंगांत एखादें तत्त्व सांगावें, मध्यें सर्व श्रोत्यांनीं मिळून भजन करावें, आणि उत्तररंगांत एखाद्या आख्यानानें तेंच तत्त्व मनावर ठसवावें, हा कीर्तनाचा क्रम महाराष्ट्राच्या रक्तांत भिनलेला आहे. ओवी, अभंग, आर्या, साकी, दिंडी, कटाव या वृत्तांनीं कथेस कधीं धांव येते, कधीं विसांवा मिळतो. कीर्तनकार एके ठिकाणीं राहात नाहीं. एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातो आणि जेथें जातो तेथील लोकांसच आपला गायकवृंद करितो. ध्रुपद उचलण्यास श्रोत्यांनीं शिकलेलें असावें लागत नाहीं.

१८८० च्या सुमारास मुंबईंतील कांहीं बेने इस्रायल गृहस्थांनीं हा क्रम उचलिला. बेंजामिन सॅमसन आष्टमकर हे त्यांतील प्रमुख कीर्तनरचनाकार. साकी, दिंडी, ओवी हीं वृत्तें तींच. मराठी भाषा तीच. परंतु आख्यानें पितृपुरुषांचीं, संदेष्ट्यांचीं आणि इस्राएलच्या राजांचीं. मूर्ति आणि तिचें पूजन यांना तेथें अर्थातच स्थान नव्हतें. कीर्तनें छापलीं गेलीं, आणि मुंबई व कोंकणांतील बेने इस्रायलांस धर्मकथा कळण्याचें तें एक मोठें साधन झालें.

वाचकांनीं एका बारीक पण महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष द्यावें. सभास्थानांतील शब्बाथची उपासना हिब्रूंतच चालली; तींत वाद्य नाहीं, कारण शब्बाथच्या दिवशीं वाद्य वाजविणें धर्मशास्त्रास संमत नाहीं. मराठी कीर्तन त्या उपासनेच्या जागीं आलें नाहीं, तिच्या शेजारीं आलें. जें आमिश घराच्या ओसरीवर होऊं शकतें तेंच कोंकणांत अंगणांत झालें. शेजाऱ्याचें गाणें घेतलें, पण गाभाऱ्याची सीमा मोडली नाहीं. आणि सीमा मोडली नाहीं म्हणूनच निर्भयपणें घेतां आलें.

याच शतकांत अहमदनगर येथें प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळींतहि असेंच घडत होतें. अमेरिकन मराठी मिशननें तेथें १८३१ मध्यें आपलें ठाणें स्थापिलें. प्रथम प्रथम पाश्चात्य चालींवर मराठी शब्द बसवून गीतें म्हणवीत. तीं लोकांच्या तोंडीं रुळेनात. याचें कारण केवळ आवडीनिवडीचें नाहीं. इंग्रजी पद्य आघातावर चालतें; मराठी पद्य अक्षराच्या लघु-गुरुत्वावर आणि मात्रांवर चालतें. इंग्रजी चालींत मराठी शब्द कोंबला कीं, ऱ्हस्व अक्षर ताणलें जातें, दीर्घ तुटतें, आणि शब्दाचा चेहराच ओळखूं येत नाहीं. ही अडचण कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या नगरच्या कवींनीं ओळखिली. त्यांनीं देशी चालींवर पदें रचिलीं आणि ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडिली. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं या प्रवाहास महानदीचें रूप दिलें. १८६१ मध्यें जन्मलेले टिळक १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले आणि १९१९ मध्यें निवर्तले. परंतु तुकोबांचा अभंग त्यांनीं कधीं सोडिला नाहीं. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते म्हणत. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं पुढें नेलें, हें सर्वांस विदित आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. कॅथॉलिकांचा वांटा या इतिहासांत सर्वांत जुना आहे, आणि सर्वांत दुःखद प्रकरणहि आपलेंच आहे.

१५७९ च्या ऑक्टोबरांत थॉमस स्टीफन्स नांवाचे इंग्रज येशूसंघीय गोव्यास उतरले, आणि १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिले. साष्टीच्या खेड्यांत काम करितां करितां ते येथील भाषा इतक्या आत्मीयतेनें शिकले कीं, १६१६ मध्यें त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथें छापून निघालें. सुमारें ११ हजार ओव्यांचें हें काव्य. पूर्वार्धांत जुना करार, उत्तरार्धांत प्रभूचें चरित्र. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळें तें रोमन लिपींत छापावें लागलें. नवख्रिस्ती लोकांनीं आपल्याजवळ मागणी केली कीं, आमचीं जुनीं पुराणें गेलीं, आतां गावयास कांहीं द्या, असा प्रसंग ग्रंथाच्या आरंभीं कवीनेंच वर्णिला आहे. ही मागणी विचार करण्यासारखी आहे. लोकांनीं नवें तत्त्वज्ञान मागितलें नाहीं. सायंकाळीं एकत्र बसून गातां येईल असें कांहीं मागितलें. आणि परदेशी धर्मगुरूनें त्यांस आपल्या देशाचें स्तोत्र न देतां त्यांचीच ओवी परत दिली. फ्रेंच येशूसंघीय एतियेन द ला क्रुवा यांनीं १६२९ मध्यें संत पेत्र यांचें पुराण रचून हीच वाट पुढें चालविली.

‘ख्रिस्तपुराण’ उपासनेला जोडून रविवारीं व सणावारीं वाचलें आणि गाइलें जाई. १६४९ आणि १६५४ मध्यें त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर मात्र वारा फिरला. १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें हुकूम काढिला कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. १७३६ मध्यें गोव्याच्या इन्क्विझिशननें जाहीरनामा काढून लग्नकार्यांतील देशी वाद्यें आणि ओव्या यांवर बंदी घातली. ज्या छंदांत आपल्याच एका धर्मगुरूनें प्रभूचें चरित्र गाइलें, तोच छंद एकशेंवीस वर्षांनीं आपल्याच धर्मसभेच्या न्यायालयानें संशयास्पद ठरविला. जुबिलीच्या स्मरणिकेंत ही गोष्ट लिहावी कीं न लिहावी, असा प्रश्न कोणी करील. माझें उत्तर असें कीं, जुबिली या शब्दाचा बायबलांतील अर्थच मुळीं ऋण फेडण्याचा व बंदी सोडण्याचा आहे. आणि ज्यास आपलें ऋण ठाऊक नाहीं तो तें फेडणार कसा?

बंदीनें ओवी मेली नाहीं. ती पुढल्या दारांतून निघाली आणि मागल्या दारीं, जात्यापाशीं व चुलीपाशीं, जाऊन बसली. गोव्यांत स्त्रियांनीं ती लग्नांत म्हणणें सोडिलें नाहीं. १७३९ मध्यें मराठ्यांनीं वसई घेतली. तिकडील ईस्ट इंडियन कुटुंबांत उंबराचें पाणी आणण्याच्या विधीला बायकांचीं मराठी गाणीं आजहि ऐकूं येतात. ‘ख्रिस्तपुराणा’ च्या जुन्या तीन आवृत्त्यांची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. जें वांचलें तें हस्तलिखितांत वांचलें. गोवें सोडून कानडी किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तीं हस्तलिखितें बरोबर नेलीं. १७८४ पासून १७९९ पर्यंत टिपू सुलतानानें या लोकांस श्रीरंगपट्टणास बंदींत ठेविलें, तेव्हां ‘ख्रिस्तपुराणा’ च्या ओव्याच त्यांचा आधार झाल्या, असें त्यांची परंपरा सांगते. पासाऊच्या तळघरांतील बंदिवान आणि श्रीरंगपट्टणचे बंदिवान एकमेकांस ओळखीत नव्हते. पण ज्या घरांत धर्मगुरू नाहीं, वेदी नाहीं, पुस्तक नाहीं, तेथें मुखोद्गत गाणें हेंच मंदिर होतें, हा अनुभव दोघांसहि आला. पुढें १९०७ मध्यें जोसेफ सालढाणा यांनीं मंगळूर येथें तें पुराण छापून काढिलें, १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरींत आणिलें, आणि नंतरच्या विद्वानांनींहि त्याची सेवा केली आहे.

धर्मसभेनेंहि आपली चूक सुधारली. १९६३ च्या डिसेंबरांत दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें उपासनेविषयीं जी घटना प्रसिद्ध केली, तींत ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान व योग्य स्थान द्यावें असें स्पष्ट सांगितलें. अंधेरी येथें आश्रम स्थापून गेओर्ग प्रोक्श या धर्मगुरूंनीं देशी संगीत व नृत्य यांतून शुभवर्तमान सांगण्याचा जो उद्योग त्यापूर्वींच आरंभिला होता, त्यास यामुळें अधिष्ठान मिळालें. दुसऱ्या बाजूनें, गोव्याच्या मंदिरशाळांत स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईस येऊन चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं १९५८ मध्यें सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणांत भारतीय राग आणि पाश्चात्य वाद्यमेळ यांचा संगम घडविला. मेनोनाइट मंडळीशींहि १९९८ पासून २००३ पर्यंत आपल्या धर्मसभेचा संवाद झाला, आणि जुन्या छळाविषयीं दोन्हीं पक्ष मोकळेपणानें बोलले. पासाऊचें तळघर इतक्या उशिरां कां होईना, उघडलें.

आतां बेने इस्रायलांच्या कीर्तनाचें पुढें काय झालें, हें सांगणें राहिलें. १९४८ मध्यें इस्राएल राष्ट्र स्थापन झालें तेव्हां या समाजाचे सुमारें २० हजार लोक भारतांत होते. पुढील कांहीं दशकांत बहुतेक तिकडे गेले. आज संपूर्ण भारतांत यहुदी कांहीं हजारच उरले आहेत. २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें त्यांस अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. त्यांचें कीर्तन कोणी बंद केलें नाहीं. कोणत्याहि न्यायालयानें जाहीरनामा काढिला नाहीं. मुलें हिब्रू बोलूं लागलीं, नातवंडांस मराठी कळेनाशी झाली, आणि ध्रुपद उचलणारें कोणी उरलें नाहीं. तरी इस्राएलांत आणि मुंबईंत ज्येष्ठ बेने इस्रायल स्त्रियांनीं कीर्तनाचीं पदें जतन केलीं आहेत. वह्यांत उतरून ठेवून त्या तीं मिळून गातात. अमेरिकन अभ्यासक ॲना शुल्ट्झ यांनीं या स्त्रियांकडून तीं ऐकून त्यांवर लेखन केलें आहे. पुरुषांनीं उभें राहून आरंभिलेलें कीर्तन शेवटीं बसलेल्या आज्यांनीं वांचविलें.

या दोन इतिहासांची तुलना केली म्हणजे मन अस्वस्थ होतें. गोव्यांत ओवीला बंदी झाली आणि ती टिकली; कीर्तनाला कोणीच अडविलें नाहीं आणि तें क्षीण झालें. छळापेक्षां विस्मरण अधिक घातक ठरलें. छळ झाला कीं माणूस आपलें गाणें छातीशीं धरितो. सुखाचे दिवस आले कीं तें कोठें ठेविलें हेंच त्यास आठवत नाहीं.

आपल्या धर्मग्रामासाठीं यांतील बोध मला महत्त्वाचा वाटतो. कल्याणहून पुढें लोहमार्ग १८५६ मध्यें सुरू झाला. त्या मार्गानें या उल्हास नदीच्या खोऱ्यांत नाना देशींचे लोक येत राहिले. अंबरनाथचें शिवालय शके ९८२, म्हणजे १०६० सालापासून येथें उभें आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीस १९४९ मध्यें उल्हासनगर हें नांव मिळालें; त्यांच्या दरबारांत गुरुवाणीचें कीर्तन चालतें. आषाढांत टाळांचा गजर रस्त्यानें जातो. आणि कात्रपच्या आपल्या घरांत वसईची, गोव्याची, मंगळूरची, केरळची, घाटावरची अशीं किती घरचीं गाणीं एका भिंतीआड राहतात! हीं गाणीं परस्परांस ठाऊक आहेत काय? शेजारच्या सदनिकेंतील वृद्ध मातेस येणारें जुनें मराठी गीत आपल्या गायकवृंदास येतें काय?

कोणी म्हणेल, इतरांचें गाणें घेतल्यानें आपली श्रद्धा पातळ होईल. ही भीति खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. सीमा ठेवावयासच हवी. आमिशांनीं ती ठेविली, बेने इस्रायलांनीं ठेविली, आणि आपल्याहि उपासनेस तिचे नियम आहेत. परंतु इतिहास असें दाखवितो कीं, गाभारा जपावयाचा तर त्याभोंवतीं अंगण असावें लागतें. ज्या घरास अंगण नाहीं, त्यास एक तर दार सताड उघडें टाकावें लागतें, नाहीं तर कायमचें बंद करावें लागतें. अंगणांत पाहुणा बसतो, त्याचें ऐकून घेतां येतें, आपलें ऐकवितां येतें, आणि दोघेहि आपापल्या घरीं जातात ते किंचित् अधिक श्रीमंत होऊन.

म्हणून, प्रिय वाचकहो, या जुबिलीच्या वर्षीं एक लहानसें काम प्रत्येक कुटुंबानें करावें, अशी माझी नम्र विनंति आहे. घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसावें आणि तिला येणारें एक तरी गीत, ओवी वा भजन शब्दशः उतरून घ्यावें. तिच्या तोंडून चाल ऐकावी आणि मुलांस शिकवावी. चालीच्या जागीं ‘चाल : आजीची’ एवढें लिहिलें तरी पुरे. आपल्या गायकवृंदानें नाताळांत जसें घरोघर जाऊन गावें, तसें जेथें जाईल तेथें क्षणभर थांबून त्या घरचें गाणेंहि ऐकावें. मंदिराची भिंत पुढील पिढी पुन्हां बांधूं शकेल. गाणें मात्र एकदां मुखांतून गेलें म्हणजे कोणत्याहि गवंड्यास तें पुन्हां रचितां येत नाहीं. ज्या प्रभूनें आपल्या शिष्यांसह अखेरच्या भोजनानंतर स्तोत्र गाइलें आणि मगच तो जैतुनाच्या डोंगराकडे निघाला, तो आपल्या मुखीं तें सदैव ठेवो.